सुदर्शनेचे आमंत्रण

भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर त्यांचे थोरले बंधू नंदिवर्धन शोकाने खचून गेले. अन्न गोड लागेना, कशात मन रमेना. तेव्हा त्यांची बहीण सुदर्शना हिने कार्तिक शुद्ध द्वितीयेला त्यांना आपल्या घरी बोलावले, समजूत घातली आणि जेवू घातले. भाऊबीजेची ही कथा श्वेतांबर परंपरेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ओवाळणीचे ताट, साडी, पाकीट हे सारे पुढे जोडले गेले असावे. मूळ गोष्ट एवढीच, की दुःखात एका जागी बसून राहिलेल्या भावाला बहिणीने तेथून उठवले आणि आपल्या घरी नेले. डबा भरून तिने त्याच्याकडे पाठवला असता, तरी लोकांनी तिचे कौतुकच केले असते. पण मग त्या तिथीचा सण झाला नसता.

ही कथा येथे आठवण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत एक भाऊ किंवा एक बहीण अशी असते, की जिचे नाव लग्नपत्रिकेत असते आणि चेहरा मात्र लग्नात नसतो. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा दीर्घकाळचा मानसिक आजार यांमुळे ती व्यक्ती घरापासून दूर, एखाद्या निवासी संस्थेत राहते. धाराशिव जिल्ह्यात आळणी येथे बौद्धिक दिव्यांग मुलींसाठी निवासी प्रकल्प आहे, लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे. परंतु मूल प्रौढ झाले, की जवळची दारे कमी होतात आणि कुटुंबांना सोलापूर, लातूर, पुण्यापर्यंत शोध घ्यावा लागतो. कळंब, भूम, परंडा, उमरगा अशा गावांतून हे अंतर लहान नाही.

संस्थेत ठेवण्याच्या निर्णयाबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. सत्तरी गाठलेल्या आईला चाळिशीच्या मुलाला उचलून न्हाऊ घालणे जमत नाही. फिट्स येणाऱ्या मुलीला दुकानामागच्या खोलीत एकटी ठेवून गल्ल्यावर बसता येत नाही. रात्री-अपरात्री उठून रस्त्यावर जाणाऱ्या भावासाठी दाराला कुलूप घालावे लागते, आणि ते कुलूप घालणारा हात रोज थोडा थोडा कठोर होत जातो. चांगल्या संस्थेत त्याला मोकळे अंगण, वेळेवर औषध आणि बरोबरीची माणसे मिळतात. प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

पहिल्या वर्षी घरातले सर्वजण दर रविवारी जातात. दुसऱ्या वर्षी बाजार बंद असेल त्या दिवशी. मग दिवाळी आणि महावीर जयंती. आई-वडील असेपर्यंत त्यांच्या आग्रहापोटी गाडी निघते. ते गेल्यावर शुल्क बँकेतून परस्पर जमा होऊ लागते. यात कोणाचाही दुष्टपणा नसतो. सोयाबीनचा हंगाम असतो, तुरीची आवक असते, मुलांच्या परीक्षा असतात. ज्याचा तगादा नाही त्याचे देणे मागे पडते, हे मोंढ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि संस्थेतला भाऊ तगादा लावत नाही.

या ठिकाणी भेटीला जाणे आणि बाहेर घेऊन जाणे यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. भेटीला आलेले कुटुंब संस्थेच्या कार्यालयात किंवा व्हरांड्यात बसते. भाऊ समोर खुर्चीवर. फळे दिली जातात, ‘बरा आहेस ना?’ असे विचारले जाते, काळजीवाहक ताई त्याच्या वतीने उत्तर देतात आणि वीस मिनिटांत बोलणे संपते. यात तो पाहुणा असतो की पाहण्याची वस्तू, हे सांगणे कठीण. तोच भाऊ एक तासासाठी का होईना, बाहेर पडला, की चित्र पालटते. चहाच्या गाड्यावर कोणता पेला घ्यायचा हे तो ठरवतो. कापडाच्या दुकानात निळ्या शर्टावर बोट ठेवतो. एसटीच्या खिडकीशी बसायचा हट्ट धरतो. हट्ट धरता येणे ही त्याच्या आठवड्यातली दुर्मीळ गोष्ट असते, कारण संस्थेत उठणे, जेवणे, झोपणे या सगळ्याच्या वेळा दुसऱ्याने ठरवलेल्या असतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क सांगितला आहे. संस्थेत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या मोठ्या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ बऱ्याचदा एवढाच उरतो, की त्याला मंदिराची घंटा, बाजाराचा गोंगाट आणि पुतण्याचा वाढदिवस मिळतो की नाही. ते कायद्याला जमणारे काम नव्हे. ते भावंडांनीच करायचे आहे.

भावंडे दुरावण्याची एक कथा याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेली आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनिराजांचे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही येथेच, १८ सप्टेंबर १९५५ रोजी पूर्ण झाली. त्यामुळे दर्शनाला जाणाऱ्यांची येथे नित्य ये-जा असते. दोघा राजकुमारांची कथा बहुतेक श्रावकांना पाठ आहे. लहानपणी विद्याध्ययनासाठी गुरूकडे गेलेले हे दोघे भाऊ अनेक वर्षांनी नगरीत परतले. वाड्याच्या गवाक्षात उभ्या असलेल्या एका कन्येकडे दोघांचेही मन ओढले गेले, आणि मग कळले की ती त्यांची सख्खी बहीण. त्या लज्जेतून वैराग्य आले, दीक्षा झाली, उपसर्ग सोसून केवलज्ञान झाले. प्रवचनात या कथेचा भर साहजिकच वैराग्यावर असतो. परंतु तिच्यात एक साधी संसारी गोष्टही दडलेली आहे. वर्षानुवर्षे वेगळ्या छपराखाली वाढलेल्या भावंडांनी एकमेकांना ओळखले नाही. बहीण तीच होती, रक्त तेच होते, सहवास नव्हता. वर्षातून दोनदा फळे घेऊन जाणाऱ्या कुटुंबात पुतण्या आपल्या काकाला ओळखत नाही, ही तक्रार आज नवीन नाही.

म्हणून ही फिरती नेमाने व्हावी लागते. बौद्धिक दिव्यांग असलेल्या अनेकांना तारीख, महिना यांचा हिशेब ठेवता येत नाही. ते काळ घटनांनी मोजतात. दादा येतो तो दिवस, ताई नेते तो दिवस. तो दिवस ठरल्याप्रमाणे आला, तर मधले सहा दिवस सोसवतात. ‘बघू, पुढच्या आठवड्यात येतो’ हे वाक्य व्यवहारी माणसाला निरुपद्रवी वाटते. सकाळपासून बूट घालून फाटकाशी बसलेल्या माणसाला ते तसे वाटत नाही. हुंडीची मुदत भरली की रक्कम द्यायची, मग त्या दिवशी गल्ल्यात खडखडाट असो, हा आपल्या पेढ्यांचा जुना बाणा. रविवारी चार वाजता हा शब्दही त्याच जातीचा धरावा. दर आठवडा जमणार नसेल, तर महिन्यातून एकच दिवस ठरवावा, पण तो पाळावा. चार वेळा सांगून दोनदा येण्यापेक्षा एकदाच सांगून एकदा येणे केव्हाही चांगले.

एकाच माणसाच्या खांद्यावर हा नेम टाकला, की तो मोडतो. बहुतेक घरांत ती एक बहीणच असते. बार्शीला किंवा सोलापूरला दिलेली, जिच्या सासरी सुरुवातीला कोणी काही बोलत नाही आणि नंतर हळूहळू बोलू लागते. थोरला भाऊ शुल्क भरतो आणि आपला वाटा उचलला असे समजतो. धाकटा पुण्यात नोकरी करतो आणि फोनवर चौकशी करतो. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, आणि थकते ती बहीणच. पैसे देणारा आणि वेळ देणारा यांचे जमाखर्च एका पानावर मांडता येत नाहीत. शुल्क भरणाऱ्यालाही एक रविवार लागू असलाच पाहिजे, कारण संस्थेतल्या भावाला पावती दिसत नाही. त्याला फाटकातून आत येणारा माणूस दिसतो.

यासाठी साधी पाळीची वही पुरते. पहिला रविवार थोरल्याचा, दुसरा बहिणीचा, तिसरा पुतण्यांचा. ज्याला येणे अशक्य आहे त्याने आधीच बदली शोधायची आणि तसे संस्थेला व भावालाही कळवायचे. प्रत्येक फेरीनंतर त्याच वहीत दोन-चार ओळी लिहाव्यात. काय खाल्ले, कशाला घाबरला, कोणत्या गोष्टीवर हसला, चालताना डावा पाय ओढत होता का, नवीन शब्द काय बोलला. वेगवेगळ्या लोकांनी पाळी घेतली तर छोटे बदल निसटतात. मागच्या महिन्यात पाय ओढत होता हे ज्याने पाहिले तो या महिन्यात येत नाही. ज्यांच्या घरी रोजमेळ लिहिण्याची चार पिढ्यांची सवय आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागू नये.

प्रत्यक्ष बाहेर पडताना थोडी तयारी हवी. संस्थेची लेखी परवानगी, नोंदवहीत नेणाऱ्याचे नाव आणि परतीची वेळ, दिव्यांग ओळखपत्राची प्रत, औषधांची चिठ्ठी आणि त्या वेळेचा डोस, अंगावरचे बदलायचे कपडे. फिट्सचा त्रास असेल तर फिट आल्यावर काय करायचे हे काळजीवाहकांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. पहिल्या काही फेऱ्या अर्ध्या तासाच्याच असाव्यात. फाटकापासून चौकापर्यंत आणि परत, एवढीही फेरी पुष्कळ असते. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी साऱ्या कुटुंबाने घेराव घालून भावाला लग्नाच्या मांडवात नेणे, ढोल-ताशांत बसवणे आणि तो बिथरला की ‘याला नेण्यात अर्थ नाही’ असा निकाल देणे, हे फार वेळा घडते. त्याला न नेण्याचा निकाल अशा रीतीने त्याच्याच माथी मारला जातो.

एसटीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबत्यालाही अर्ध्या भाड्याची. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग प्रवासी आणि त्याचा सोबती या दोघांनाही शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. घरची मोटार असलेल्यांना या सवलतीची गरज नसेल. तरीही कधीतरी एसटीनेच न्यावे. मोटारीत तो मागच्या आसनावर बसलेला असतो. एसटीत वाहक त्याला ‘कुठं जायचं, मालक?’ असे विचारतो.

जावे कोठे? जिल्हा यासाठी दरिद्री नाही. तेर हे प्राचीन तगर नगर, रोमन साम्राज्याशी व्यापार करणारी पेठ. तेथे संत गोरा कुंभारांचे मंदिर आहे, त्रिविक्रमाचे अतिप्राचीन विटांचे मंदिर आहे, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे आणि आपले दिगंबर जैन मंदिरही आहे. मातीची खेळणी, मणी, शंखाच्या बांगड्या पाहण्यासाठी वाचता यावे लागत नाही. धाराशिव शहरालगतच्या डोंगरातील लेणी मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यामुळे जैन वाङ्मयात परिचित झाली. तेथील पार्श्वनाथांच्या मूर्तीपुढे सावलीत निवांत बसता येते. मात्र वाट खडबडीत आहे, पाय अधू असलेल्याला तेथे ओढत नेऊ नये. येडशीच्या रामलिंगला झाडी आणि माकडे आहेत. माकडांना भिणारा असेल तर दुसरी जागा शोधावी. नळदुर्गचा किल्ला पावसाळ्यात देखणा होतो, परंतु नर-मादी धबधब्याला सुटीच्या दिवशी उसळणारी गर्दी आणि निसरडे दगड यांचा विचार करता हिवाळ्यातला एखादा साधा वार बरा. कुंथलगिरीला टेकडी चढवत नसेल तर पायथ्याशी दर्शन घ्यावे आणि परतीच्या वाटेवर पेढा. भूम परिसराचा खवा प्रसिद्धच आहे, आणि पेढ्याची चव हीच कित्येकांच्या स्मरणात त्या क्षेत्राची खूण होऊन बसते. देवदर्शनाने पुण्य लागले की पेढ्याने, याची चर्चा त्या भावासमोर करू नये.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. संस्थेत कांदा-बटाटा असतो, सूर्यास्तानंतरचे जेवण असते, आणि ते नाकारण्याची सोय त्याला नसते. त्यावरून त्याला दूषण देण्याचे कारण नाही. उलट बाहेर नेण्याच्या दिवशी घरचे, आपल्या पद्धतीचे जेवण दिवस मावळण्याआधी एकत्र घेता येते. आईच्या हातची चव गेली तरी फोडणीचा वास राहतो, आणि पुष्कळ न बोलणारी माणसे त्या वासाला बोलतात. वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तपात गणले जाते. मुनिराजांच्या सेवेसाठी पहाटे उठणारे हात आपल्या अंगणात पुष्कळ आहेत. त्याच हातांना सख्ख्या भावाची नखे कापण्याचे काम कमी प्रतीचे वाटू नये.

सर्वांत अवघड असते ते परतणे. गाडी संस्थेच्या वळणावर आली की तो गप्प होतो, उतरायला नकार देतो, कधी रडतो. भावंडांना अपराधी वाटते, आणि मग ते दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘दुकानात जाऊन लगेच येतो’ असे सांगून निसटतात; किंवा हा त्रास नको म्हणून नेणेच बंद करतात. खोटे सांगितल्याची किंमत पुढच्या फेरीला मोजावी लागते, कारण मग तो बहिणीचा हात क्षणभरही सोडत नाही. खरे सांगावे, बोटांवर मोजून दाखवावे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या दिवसाभोवती त्याच्याच हाताने गोल काढून घ्यावा. आत जाताना त्याच्या हातात काहीतरी द्यावे, ते मित्रांना वाटण्यासाठी. मग तो सोडून दिलेला माणूस म्हणून आत जात नाही, खाऊ घेऊन आलेला माणूस म्हणून जातो. काहींच्या बाबतीत उलटेच घडते: दोन तासांत ते ‘घरी चल’ म्हणतात आणि त्यांचा रोख संस्थेकडे असतो. भावंडांना ते लागते. पण बारा वर्षे जेथे पाठ टेकली ती जागा घर झाली असेल, तर त्यात वाईट काय?

अमेरिकेतल्या दोन जुळ्या बहिणींची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. ज्यूडिथ आणि जॉइस स्कॉट १९४३ साली जन्मल्या. ज्यूडिथला डाऊन सिंड्रोम होता. सात वर्षांपर्यंत दोघी एकाच अंथरुणात झोपल्या. १९५० मध्ये एका सकाळी जॉइसला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ज्यूडिथला संस्थेत पाठवले होते. तेथे तिला शिकवण्यायोग्य नाही असे ठरवण्यात आले. तिला ऐकूच येत नाही, हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. पस्तीस वर्षांनंतर जॉइसने कायदेशीर पालकत्व मिळवून बहिणीला आपल्याकडे कॅलिफोर्नियात आणले आणि १९८७ पासून तिला ओकलंडच्या एका कलाकेंद्रात नेऊ लागली. सुरुवातीला बराच काळ ज्यूडिथचे मन कशातच लागले नाही. मग सूत हाती आले. मिळेल त्या वस्तूभोवती ती रंगीत धागे गुंडाळत राहिली आणि त्यातून घडलेली शिल्पे पुढे मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. २००५ मध्ये ती वारली. सुताच्या व्यापारात हयात गेलेल्या घरांना या हकिगतीत धागा दिसेल. पण पाहण्याजोगे आहे ते मधले रिकामे दिवस. काहीच घडत नव्हते तेव्हाही जॉइस तिला नेत राहिली. संस्थेतली प्रत्येक व्यक्ती अशी कलावंत निघेल असे नाही, निघण्याची अपेक्षाही धरू नये.

आता थोडे व्यवहाराचे, कारण गाडीभाडे कोणाच्या नावे टाकायचे यावरूनही घरे दुभंगतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या २८व्या कलमानुसार रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणाने कोणालाही वारसाहक्क नाकारता येत नाही. १९२८च्या जुन्या कायद्यातही जन्मतः मनोरुग्ण किंवा मतिमंद असलेल्यांना एकत्र कुटुंबातल्या वाट्यापासून दूर ठेवले गेले होते. ते दिवस गेले. वडिलांच्या पश्चात संस्थेतल्या भावाचा वाटा इतर भावंडांइतकाच आहे, त्याला सही करता येवो वा न येवो. तेव्हा त्याला फिरवण्याचा खर्च हे दादाचे औदार्य नव्हे. बहुतेक घरांत तो त्याच्याच पैशांतून होणारा खर्च आहे, आणि तो तसाच लिहिला जावा. दिव्यांग भावंडाचा सांभाळ करणाऱ्यास आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडी अन्वये ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. ती घेताना भाऊ अवलंबून असल्याचे सांगितले जाते. वाटणीच्या वेळी मात्र त्याचा विसर पडू नये.

मूल अठरा वर्षांचे झाले, की आई-वडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. भाऊ-बहीण हे पालक होऊ शकतात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करणे पालकावर बंधनकारक आहे. हे काम आई-वडील हयात असतानाच, सर्वांना एकत्र बसवून उरकावे.

पुढच्या पिढीचा विचारही त्याच बैठकीत व्हावा. आज पन्नाशीतली बहीण वीस वर्षांनी स्वतःच काठी टेकत चालेल, आणि संस्थेतला भाऊ तेव्हाही तेथेच असेल. म्हणून पाळीच्या वहीत भाचे-पुतण्यांची नावे आतापासून हवीत. सोबत म्हणून आधी, एकट्याने नंतर. दहा वर्षांचा मुलगा काकाबरोबर ऊसाचा रस प्यायला चार वेळा गेला, की काका डाव्या हाताने कान चोळतो तेव्हा त्याला गोंगाट सोसत नाही, ओठ मुडपतो तेव्हा त्याला लघवीला जायचे असते आणि टाळी वाजवतो तेव्हा अजून एक पेला हवा असतो, हे त्याला कळू लागते. संस्थेच्या नोंदीत यांतले काही नसते. ते आजवर फक्त आईला ठाऊक होते.